वर्गसभा : मतदानाच्या आधीचे शिक्षण

शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास असतो, भाषेचा असतो, कवायतीचा असतो. माणसाने माणसाशी कसे वागावे, याचा तास नसतो. ते काम परिपाठावर सोपवलेले असते. सकाळी परिपाठात मुले एका सुरात बंधुतेची प्रतिज्ञा घेतात. आणि दुपारी पाण्याच्या टाकीजवळ कोणी आधी प्यायचे, कोणी थांबायचे, हे ज्याचे त्याला कोणी न सांगता कळते. प्रतिज्ञा पाठ होते. थांबणेही पाठ होते. या दोहोंपैकी आयुष्यभर कोणते टिकते, हे आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे मला ओंजळीत वरून पाणी मिळे. पुढे मी शिक्षक झालो. ओंजळीची पद्धत गेलेली होती, भिंतीवर फुले-आंबेडकरांच्या तसबिरी आलेल्या होत्या, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत संविधानाची उद्देशिका छापून येत होती. तरीही वर्गातली बसण्याची जागा, झाडू कोणाच्या हाती द्यायचा याची सवय, आणि मधल्या सुटीतली हाक, या तीन ठिकाणी गाव जसेच्या तसे शाळेत येऊन बसलेले मला दिसे. त्यावर भाषणे देऊन काही होत नाही, हे कळायला मला काही वर्षे लागली. भाषण मुले ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि पुन्हा जागच्या जागी बसतात. म्हणून मी वर्गसभा सुरू केली. ती कशी चालते, कुठे फसते आणि तिने काय साधते, हे कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकबंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम, वर्गसभा म्हणजे काय नव्हे, ते सांगतो. ती वर्गप्रमुखाची निवडणूक नव्हे. शाळाशाळांतून विद्यार्थी मंडळे होतात, बालसंसदा होतात. त्यांत मुख्यमंत्री होतो तो बहुधा गावातल्या वजनदार घरातला मुलगा, आणि स्वच्छतामंत्री कोण होतो हे सांगायला नको. गावाचा सत्तासंबंध लहान आकारात पुन्हा उभा करणे म्हणजे लोकशाहीचे शिक्षण नव्हे. वर्गसभा म्हणजे सगळ्या वर्गाने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या तासाला, गोल बसून स्वतःच्या एकत्र जगण्याचा विचार करणे. सभा मुले चालवतात. शिक्षक त्या गोलात एक सभासद म्हणून बसतो आणि बोलायचे असेल तर हात वर करतो.

या कल्पनेचे मूळ आपल्या विचारपरंपरेत आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती सहजीवनाची, अनुभवांच्या देवघेवीची रीत आहे, हा ड्युईंचा विचार. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात तो घेतला आणि त्याला आपल्या समाजाच्या वास्तवाची धार दिली. सहकारी माणसांविषयीचा आदर हा त्यांनी लोकशाहीचा गाभा मानला. आता प्रश्न असा, की हा आदर शिकवायचा कुठे? जिथे चाळीस-पन्नास घरांची मुले दिवसाचे सहा तास एका छपराखाली असतात, अशी वर्गाखेरीज दुसरी जागा खेड्यात नाही. देऊळ ती जागा नाही, पाणवठा नाही, पारही नाही.

आता कार्यपद्धती. माझ्या आठवीच्या वर्गात त्रेचाळीस मुले होती. सभेला अध्यक्ष, चिटणीस आणि वेळ पाहणारा असे तिघे लागतात. हे तिघे मी निवडणुकीने कधीच ठरवले नाहीत. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालायच्या आणि दर आठवड्याला तीन काढायच्या. ज्याची चिठ्ठी निघाली ती सगळे संपेपर्यंत परत टाकायची नाही. वर्षात पस्तीसेक सभा झाल्या तर शंभरावर संधी होतात. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोनदा काहीतरी पद येतेच. जी मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही, तिलाही एक दिवस ‘आता सभा सुरू होत आहे’ असे म्हणावे लागते. पहिल्या खेपेला तिचा आवाज तिसऱ्या मुलापर्यंतही जात नाही. जाऊ नये. सभेने थांबायचे असते.

भिंतीला एक दुसरा डबा टांगलेला असतो. आठवडाभर ज्याला जे बोलायचे ते त्याने त्यात लिहून टाकायचे. नियम एकच : काय घडले ते लिहा, कोणाचे नाव लिहू नका. सभेच्या आदल्या दिवशी चिटणीस आणि मी चिठ्ठ्या वाचतो आणि दोनच विषय घेतो. दोनाहून अधिक घेतले तर एकही नीट होत नाही.

सभा एका तासिकेत संपते. आधी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायचे आणि ठरले त्याचे काय झाले ते विचारायचे. मग आभार. यात ‘अमका चांगला आहे’ असे म्हणायचे नाही. काय केले ते सांगायचे. ‘मी तीन दिवस आजारी होतो, तेव्हा त्याने मला वही उतरवून दिली,’ हे आभार झाले. मग विषय. बोलणाऱ्याच्या हातात खडू असतो. तो ज्याच्या हाती नाही त्याने ऐकायचे. आणि ज्याच्यावर बेतले आहे, त्याला बोलायचे असेल तर तो आधी बोलेल. त्यानंतर उपाय सुचवायचे. शेवटी ठराव : काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत. प्रत्येक ठराव एका आठवड्यापुरता. तो टिकवायचा की बदलायचा, हे पुढच्या सभेत पाहायचे. शिक्षेचे ठराव घ्यायचे नाहीत. मुलांच्या हाती शिक्षा दिली, की ती मोठ्यांहून कठोर होतात. कारण त्यांनी मोठ्यांकडूनच ती पाहिलेली असते.

आमचा पहिला विषय सफाईचा होता. वर्ग मुलीच झाडत, आणि मुतारीत पाणी मारायला ठरावीक चार मुले जात. ती चार मुले कोणत्या वस्तीतली, हे लिहिण्याची गरज नाही. त्यांना कोणी आज्ञा दिलेली नव्हती. ती आपणहून उठत. ही ‘आपणहून’ उठण्याची सवय म्हणजेच जात. सभेत कोणीही जातीचा शब्द उच्चारला नाही. एका मुलीने एवढेच विचारले, ‘हेच का जातात?’ कोणालाच उत्तर देता येईना. मग हजेरीच्या क्रमाने पाळ्या लागल्या, आणि यादीत माझेही नाव घातले गेले. माझी पाळी आली तेव्हा मी बादली उचलली. त्या आठवड्यात एक पालक शाळेत येऊन गेले. त्यांची तक्रार मी बादली उचलल्याबद्दल नव्हती. त्यांच्या मुलाने उचलल्याबद्दल होती.

इथवर सारे सुरळीत वाटेल. आता जिथे मी चुकलो ते सांगितले पाहिजे. कारण वर्गसभेचे खरे शास्त्र तिथे आहे.

एका सभेत विषय निघाला, दुपारच्या खिचडीला कोणी कुठे बसायचे. तोवर मी मुलांना क्रमाने बसवत असे. एका हुशार मुलाने सूचना मांडली : ज्याला ज्याच्या शेजारी बसायचे असेल त्याने बसावे, सक्ती नको. बोलणे स्वातंत्र्याचे होते. मीही भुललो. मतदान झाले, मोठ्या बहुमताने ठराव मंजूर झाला, चिटणिसाने तो सुबक अक्षरात लिहिला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला नऊ मुले वेगळी बसलेली होती. ती नऊ कोण, हे पाहायला मला पटावरचा जातीचा रकाना उघडावा लागला नाही. जी पंगत गावात रूढीने बसत होती, ती माझ्या वर्गात ठरावाने बसली होती. रूढीला निदान लाज होती. ठरावाला तीही उरली नव्हती.

त्या रात्री मला उमगले, की मी मुलांना मतमोजणी शिकवली होती, लोकशाही नव्हे. जिथे समाज आधीच वरच्या-खालच्यांत वाटला गेलेला आहे, तिथे नुसते बहुमत म्हणजे जातीचीच शिरगणती. संविधानकारांनी हे जाणले होते. म्हणूनच कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, ती लोकांची मते घेण्यावर सोडली नाही. म्हणूनच मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा बहुमताने केला तरी तो त्या विसंगतीपुरता शून्य ठरतो, असे कलम 13 सांगते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की संविधानिक नीती ही स्वाभाविक भावना नाही, ती जोपासावी लागते. मी नेमकी ती जोपासना गाळून थेट मतदानाला हात घातला होता.

पुढच्या सभेत मी हात वर केला, खडू घेतला आणि चूक माझी असल्याचे सांगितले. मग आम्ही ‘मतदानाबाहेरच्या गोष्टी’ अशी एक यादी केली : पाणी, पंगत, बसण्याची जागा, सफाई, हाकेचे नाव, अंगाला हात लावणे. या बाबतींत कोणालाही कमी लेखणारा ठराव सभेला मांडताच येणार नाही. पाण्याची वेळ कोणती, पंगतीचा क्रम कसा लावायचा, यावर चर्चा होईल. पण कोणी वेगळे बसावे का, यावर होणार नाही. ही यादी फळ्याशेजारी लागली. ज्या शिक्षकाला वर्गसभा सुरू करायची आहे, त्याला माझे सांगणे आहे, की ही यादी पहिल्या दिवशी करा. मी ती उशिरा केली, आणि त्या उशिराची किंमत नऊ मुलांनी दिली.

या संदर्भात भिक्खू संघाचे स्मरण उपयोगी आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की सभेची शिस्त आपल्याला परकी नाही. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना हे सारे संघाला माहीत होते. विनयपिटक पाहिले तर प्रस्तावाला तिथे ‘ञत्ती’ म्हणतात, मते शलाका देऊन मोजतात. प्रस्ताव पुकारल्यावर कोणी बोलले नाही, तर मौन हीच संमती मानतात. पण लक्षात घ्या, संघात येणारा आपली जात बाहेर टाकून येई. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, ही बुद्धाने दिलेली उपमा. म्हणून तिथल्या मौनाला संमती म्हणता येत होते. आपल्या वर्गात मूल जात घेऊनच येते. पटावर ती लिहिलेली असते. इथे गावकुसाबाहेरच्या मुलाचे मौन ही संमती नसते, ती पिढ्यांची तालीम असते. म्हणून माझ्या सभेत ‘कोणाची हरकत नाही ना?’ हा प्रश्न बंद आहे. खडू सगळ्यांच्या हातून फिरतो. ज्याला बोलायचे नाही त्याने ‘पुढे’ म्हणावे. पण खडू त्याच्या हाती जाऊन मगच पुढे जावा.

संघाच्या आणखी दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. शाक्य कुमार दीक्षेला आले तेव्हा आपला अभिमान उतरावा म्हणून त्यांनी उपाली न्हाव्याला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. मग त्याला वंदन करणे त्यांना भाग पडले. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि पहिल्या संगीतीत विनयाविषयीची उत्तरे त्याने दिली. ज्याला नियमांनी दूर ठेवले होते, तो नियमांचा जाणकार झाला. वर्गसभेत चिठ्ठीने अध्यक्षपद फिरवण्याचा अर्थ हाच आहे. ज्या मुलाने आजवर फक्त आज्ञा ऐकली, तो आता इतरांना पाळी देतो.

दुसरी गोष्ट पवारणेची. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघाला विनवतो : माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तशी शंका आली असेल, तर सांगा. आणि हे आधी ज्येष्ठाने म्हणायचे असते. मी ते सहामाहीच्या शेवटी करू लागलो. पहिल्याच खेपेला डब्यात एक चिठ्ठी निघाली : ‘शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सर आम्हाला जातीचे नाव घेऊन उभे करतात. मग दिवसभर बाकीचे बघत राहतात.’

मी स्वतः असा उभा राहिलेलो आहे. तेव्हा मान खाली घातल्याचे मला आजही आठवते. आणि शिक्षक झाल्यावर, काम लवकर उरकावे म्हणून, तीच यादी मी तशाच मोठ्या आवाजात वाचत होतो. आपल्या माणसाच्या हातून हे घडले म्हणून ते कमी लागते असे नाही, जास्त लागते. मी सभेत चिठ्ठी वाचली आणि ती खरी असल्याचे सांगितले. तेव्हापासून सगळ्याच मुलांना कागदांचा एकेक लिफाफा मिळतो. कोणाच्या लिफाफ्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म असतो, कोणाच्या नसतो. कचेरीतल्या कामात एवढ्याने एका दिवसाची वाढ झाली. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, लाजेची वस्तू नाही, हे आपण सांगत आलो आणि सांगत राहू. पण हक्क देताना मूल उघडे पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिक्षकाला मुलांच्या न्यायापुढे उभे करण्याची ही कल्पना अन्यत्रही होती. वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक या ज्यू डॉक्टरांनी 1912 पासून चालवलेल्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय होते. मुले मोठ्यांवर, खुद्द कोर्चाकांवरही, फिर्याद करू शकत. आणि त्या न्यायालयाच्या संहितेतली सुरुवातीची बहुतेक कलमे क्षमेची होती. 1942 च्या ऑगस्टमध्ये नाझींनी सुमारे दोनशे मुलांसह त्यांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारले. ज्या समाजाला माणसाची प्रतवारी लावायची असते, त्याला अशी सभा धोकादायक वाटते, ती उगीच नाही.

मात्र क्षमेविषयी एक इशारा दिला पाहिजे. भांडण आणि अपमान यांत फरक आहे. चेंडूवरून दोघे भांडले, तर सभा मध्यस्थी करील. पण एकाने दुसऱ्याला जातीवरून हिणवले, तर ते ‘दोघांचे भांडण’ नव्हे. तिथे ‘हात मिळवा, झाले गेले विसरा’ म्हणणे म्हणजे ज्याला लागले त्याच्यावरच समेटाचे ओझे टाकणे होय. अशी गोष्ट सभेपुढे न आणता मी आधी त्या मुलाशी एकट्याने बोलतो. त्याला काय हवे ते विचारतो. ज्याने हिणवले त्याच्याशी वेगळे बोलतो. मारहाण, लैंगिक त्रास, मोठ्या माणसाने केलेला छळ हे तर मुलांच्या सभेचे विषयच नव्हेत. ती मोठ्यांची जबाबदारी आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 2012 चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे त्यासाठीच आहेत. सभेच्या नावाखाली ही जबाबदारी झटकता येणार नाही.

विरोधही सांगतो. ‘शाळेत राजकारण आणता’ हे अपेक्षितच होते. पण जो विरोध मला आजही अस्वस्थ करतो तो वस्तीतून आला. एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले. म्हणाले, ‘सर, तुमचं खरं हाये. पण पोराला लई पुढं करू नका. तुमची बदली व्हईल, आमाला हितंच ऱ्हायचंय.’ त्यांचे चूक होते असे मी म्हणू शकत नाही. मजुरी ज्याच्या रानात, त्याच्या मुलाला सभेत पाळी देणे सोपे नसते. त्या दिवसापासून मी दोन पथ्ये पाळतो : सभेत बोललेले नावानिशी बाहेर नेऊ नये, असा पहिलाच नियम मुलांकडून करून घ्यायचा, आणि कोणत्याही मुलाला आपल्या विचारांचा ध्वज करायचे नाही. बोलण्याची संधी देणे हे आपले काम. बोलायचे की नाही, हे त्याने ठरवायचे.

वर्गसभेने गाव बदलले का? नाही. शाळा सुटली की मुले आपापल्या वाटांनी जातात, आणि त्या वाटा अजून वेगळ्या आहेत. मग या खटाटोपाचा उपयोग काय? मी एवढेच पाहिले, की वर्षाच्या शेवटी ती चार मुले ‘आपणहून’ उठेनाशी झाली. आणि बाकीच्यांना, ती का उठत होती, हा प्रश्न पडू लागला. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिची बुद्धी तिची होती. पण विचारण्याची मोकळीक देणारा वर्ग तिला मिळाला होता, हे विसरून चालणार नाही. आजही वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून आपली मुले अपमान गिळत एकेकटी झुंजतात. 2016 मध्ये रोहित वेमुला गेला, 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्याभोवती शिकलेली माणसे होती. त्या शिकलेल्यांना शेजारच्या माणसाची कदर करण्याचे शिक्षण कोणत्या इयत्तेत मिळाले होते, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला सोडत नाही.

शिक्षकमित्रांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. नव्या सत्रात आठवड्याचा एक तास काढा. दोन डबे, एक वही आणि एक खडू, याहून अधिक साहित्य लागत नाही. मतदानाबाहेरच्या गोष्टींची यादी आधी करा. पहिला विषय सफाईचा घ्या, आणि पाळ्यांच्या यादीत स्वतःचे नाव घाला.